गोणी हॉलचं दार

१

रिटचरचा दिवस ठरलेला असे. स्टुडिओचं शटर अर्धं वर करायचं, वाकून आत शिरायचं, स्कॅनर चालू करायचा आणि तो तयार होईपर्यंत समोरून आलेला चहा संपवायचा. शटर पुरतं उघडलं की गिऱ्हाईक यायचं, आणि गिऱ्हाईक म्हणजे हल्ली पासपोर्टचे फोटो. चष्मा काढा, हनुवटी खाली, हसू नका, झालं. एके काळी मात्र लोक त्याच्याकडे लांबून यायचे. फाटलेले, भिजलेले, वाळवीने खाल्लेले फोटो आणायचे आणि तो ते असे जुळवून द्यायचा, की फाटलं कुठे होतं हे खुद्द मालकाला सापडू नये. बाजारात त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. रिटचर म्हटलं की पुरे.

"तुमच्या धंद्याची गंमतच आहे," त्याची बायको म्हणायची. "काम जितकं चांगलं, तितकं ते केलंय हेच कुणाला कळत नाही." ती एका दवाखान्यात रक्त तपासायची. जे असेल ते, असेल तसं लिहून द्यायचं, ही तिची सवय होती, आणि घरातही ती सुटत नसे.

अशात बंदरावरच्या जुन्या कंपनीचं काम त्याच्याकडे आलं. जहाजांना लागणारे दोर, ताडपत्र्या, गोण्या असं सगळं ही कंपनी पूर्वी बनवायची. आता ती फक्त माल हलवते. अमृतमहोत्सवानिमित्त जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं होतं. गेल्या शतकाच्या मध्याला कंपनीने एक फोटोग्राफर नेमला होता, त्याने गोदीपासून हिशेबनिसांच्या खोलीपर्यंत सगळं टिपून ठेवलं होतं. त्या निगेटिव्ह एका पत्र्याच्या पेटीत पडून होत्या. प्रसिद्धी विभागातला एक तरुण ती पेटी स्वतः घेऊन आला. भर उन्हात गळ्यात टाय. बायकोने ऐकल्या ऐकल्या त्याचं नाव टायवाला ठेवलं.

"सर, हे काम तुमच्याशिवाय कुणाचं नाही," टायवाला म्हणाला. किती वर्षांनी कुणीतरी त्याला सर म्हणालं होतं.

पेटी उघडली आणि रिटचर हरखून गेला. क्रेनच्या आकड्याला लटकलेलं मोटारीचं धूड. धुक्यासारख्या वाफेत उभे असलेले बर्फाच्या कारखान्यातले कामगार. एका रांगेत बसलेले टायपिस्ट, सगळ्यांचे भांग एकाच बाजूला. जहाजाच्या पंख्याखाली उभा असलेला लोहार, पंख्याच्या एका पात्यापेक्षाही लहान दिसणारा. एकेक निगेटिव्ह तो दिव्यासमोर धरायचा, आणि मग स्क्रीनवर धूळ, ओरखडे, बुरशीचे ठिपके पुसत बसायचा. जेवायची शुद्ध राहत नसे.

"त्या पेटीत आमची थोरली मावशी सापडते का बघा," बायको म्हणाली. "तिथेच होती ना कामाला. आईकडे तिचा एकही फोटो नव्हता."

"ओळखणार कशी?"

"आईसारखी दिसायची म्हणे. आणि डावखुरी होती."

२

ज्या पाकिटावर 'गोणी विभाग' असं लिहिलं होतं, त्यात एकच निगेटिव्ह होती.

लांबलचक हॉल. उंचावर खिडक्या, इतक्या उंच की त्यांतून फक्त उजेड खाली यावा, माणसाची नजर बाहेर जाऊ नये. दोन्ही बाजूंना बाकं, आणि बाकांवर डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका, मांडीवर तागाच्या गोण्या घेऊन दाभणाने शिवणाऱ्या. तागाची धूळ उजेडाच्या पट्ट्यांत तरंगत होती. उजवीकडच्या बाकावर, बरोबर मध्यावर, एका तरुण मुलीने दाभण डाव्या हातात धरलं होतं. रिटचरने तिचा चेहरा मोठा करून पाहिला. कपाळ, नाक, ओठ दुमडून घ्यायची ढब. सासूबाईच समोर बसल्या होत्या, नुसत्या विशीतल्या.

बायकोला सांगायला त्याने फोन हातात घेतला. तेवढ्यात त्याची नजर हॉलच्या मागच्या टोकाला गेली. तिथे दोन झडपांचं दार होतं. दाराला आतून आडवी लोखंडी पट्टी होती, आणि पट्टीला नारळाएवढं कुलूप.

त्याने फोन खाली ठेवला.

त्या हॉलला आग लागली होती, हे शहरात म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतं. ताग तो, भडकायला वेळ लागत नाही. चौकशी झाली, तेव्हा दारं उघडीच होती असं निघालं. बायका घाबरल्या, गोंधळल्या, एकमेकींवर पडल्या आणि म्हणून मेल्या, असं ठरलं. फक्त त्याच्या सासूबाई, ज्या तेव्हा परकरातली पोर होत्या, त्या मरेपर्यंत एकच सांगत राहिल्या. दाराला कुलूप होतं. आगीत गेलेली ताई रोज सांगायची, कामाच्या वेळेत कुणी बाहेर जाऊ नये म्हणून कुलूप लावतात. त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही.

बायकोला दाखवायच्या आधी फोटो नीट साफ तरी करू, असं म्हणत रिटचरने धूळ पुसली आणि त्या दिवसाच्या बाकीच्या फोटोंबरोबर तो टायवाल्याकडे पाठवून दिला. दुपारी फोन आला.

"सर, गोणी हॉलचा फोटो काय आलाय! मोठ्या भिंतीवर हाच लावायचा. फक्त एक बारीकशी गोष्ट. मागचं ते दार."

"त्याचं काय?"

"पट्टी जरा डोळ्यांना खुपते. काढता येईल?"

"ती होतीच की तिथे."

"हो ना सर. पण लोक फोटो बघतात आणि मनाला येईल ते जोडतात. मुद्दा तो नाहीच. मुद्दा दिसण्याचा आहे. आणि दार किंचित उघडं दाखवता आलं तर बहारच. मोकळं वाटेल. तुम्हाला काय, चुटकीसरशी होईल. खाली तुमचं नाव येणार आहे सर, मोठ्या अक्षरांत."

नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. तो क्षण रिटचरने "बघतो" म्हणण्यात घालवला.

आणि खरी लाजेची गोष्ट पुढेच होती. काम करताना त्याला मजा आली. पट्टीचा एकेक कण उचलून तिथे लाकडाच्या रेषा भरल्या. कुलूप गेलं. एक झडप थोडी आत ओढून घेतली, तिची सावली जमिनीवर पाडली. फटीतून काय दिसावं हा प्रश्न आला, तेव्हा त्याने खिडकीखालच्या भिंतीचा एक राखाडी तुकडा उचलला, उजळ केला, धूसर केला आणि फटीत बसवला. बाहेरचा ढगाळ उजेड वाटावा असा. मागे सरकून पाहिलं. दार उघडं होतं. ते कधी बंद असेल असं कुणाच्या मनातही आलं नसतं.

३

दुसऱ्या दिवशी शेवटचा हात फिरवायला त्याने तो फोटो उघडला. डावीकडच्या बाकाच्या टोकाला एक बाई उभी होती.

काल ही उभी नव्हती. म्हणजे नव्हती असं त्याला वाटलं. मग वाटलं, काल आपलं सगळं लक्ष दारावर होतं. मागच्या बाका-भिंतींच्या गर्दीत एखादी उभी बाई सुटायला काय लागतं? गोणी संपली असेल, नवी आणायला उठली असेल. फोटोग्राफरने बटण दाबायला आणि तिने उठायला एकच गाठ पडली असेल.

फक्त ती नव्या गोण्यांच्या ढिगाकडे वळलेली नव्हती. ती दाराकडे बघत होती. जरा मान पुढे काढून, आपण दिसतंय तेच बघतोय ना याची खात्री करून घेतात तसं.

त्याने फाईल तशीच टायवाल्याकडे पाठवली, बंद केली आणि पासपोर्टचं एक गिऱ्हाईक आत घेतलं. चष्मा काढा, हनुवटी खाली.

४

"सापडली का मावशी?" रात्री जेवताना बायकोने विचारलं.

"नाही अजून. पुष्कळ निगेटिव्ह आहेत."

"असू दे, बघा सावकाश." तिने त्याच्या ताटात वाढलं. "तुम्हाला माहितीये, आईची मला किती लाज वाटायची? शाळेतून येताना वाटेवर कंपनीचं फाटक लागायचं. ही तिथे उभी असायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायची, दाराला कुलूप होतं हो. लोक हसायचे. आली कुलूपवाली, म्हणायचे. मी रस्ता ओलांडून पलीकडून जायची. ओळख नाही दाखवायची."

रिटचर घास घोळवत राहिला.

"शेवटी आजारपणात मला म्हणाली, तू तरी म्हण की होतं. मी म्हटलं, होतं गं आई, होतं. पण मनातून नाही म्हटलं. आणि ते तिला कळलं." बायको एवढं बोलली आणि उठून भांडी घासायला लागली. नळाच्या आवाजात तिचं पुढचं ऐकू आलं नाही, आणि त्याने पुन्हा विचारलं नाही.

खरं तर तेव्हाच सांगता आलं असतं. मूळ निगेटिव्ह अजून पेटीत होती. उद्या चल, दाखवतो, एवढं म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की पुढचं सांगावं लागणार होतं, आणि पुढचं सांगायला त्याच्याकडे तोंड नव्हतं.

५

सकाळी त्याने शटर पुरतं वर केलंच नाही, नुसता वाकून आत गेला.

फोटोत आता बाकांवर मोकळ्या जागा होत्या. गोण्या तिथेच होत्या, मांडीवरून सरकून खाली पडलेल्या. दाभणं गोण्यांत तशीच अडकलेली. बायका मधल्या वाटेवर होत्या, पाठमोऱ्या. धावत नव्हत्या. सुटीची घंटा झाल्यावर जशा लगबगीने, एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून निघतील तशा निघाल्या होत्या. डावखुरी मुलगीही उठली होती. तिचा चेहरा आता दिसत नव्हता. रुमालाची गाठ दिसत होती.

रिटचरने टायवाल्याला फोन लावला.

"तुमच्याकडे पाठवलेला गोणी हॉलचा फोटो उघडा जरा. बायका बसलेल्या आहेत ना?"

"हो सर, बसल्याच आहेत. शिवतायत. का?"

"नाही, काही नाही. खात्री करून घेत होतो."

"सर, तुम्ही फार बारकाईने काम करता," टायवाला कौतुकाने म्हणाला.

म्हणजे दोष आपल्या डोळ्यांचा, रिटचरने मनाशी ठरवलं. वय झालं. दिवसभर स्क्रीनकडे बघितलं की भिंतीवरही ठिपके दिसतात. त्याने डोळ्यांवर पाणी मारलं, खिडकी उघडली, पुन्हा येऊन बसला. आणि मग त्याला आवाज ऐकू आला. फार बारीक. स्कॅनरचा पंखा असेल म्हणून त्याने स्कॅनर बंद केला. आवाज चालूच होता. कॉम्प्युटर बंद केला. काळ्या झालेल्या काचेत त्याचा स्वतःचा चेहरा आला, आणि आवाज तरीही थांबला नाही. कोरड्या गिलाव्यावरून कुणी नखं ओढावीत तसा.

गिलावाच होता तो. त्या फटीत त्याने भिंत भरली होती.

६

पुढच्या दिवशी तो दुपारपर्यंत स्टुडिओत गेला नाही. बाजारात उगाच फिरला. मग गेला, बसला आणि फोटो उघडला.

सगळ्या दाराशी पोचल्या होत्या. पुढच्या बायका फटीला भिडल्या होत्या आणि मागच्यांना ते कळलं नव्हतं. मागच्या अजून विश्वासाने पुढे सरकत होत्या. दार उघडं दिसत होतं ना. फट मोठी करून बघितली तेव्हा त्याला राखाडी तुकड्यावर टेकलेले तळवे दिसले, बोटं फाकलेली. त्या उजेडाला धक्का मारत होत्या आणि उजेड सरकत नव्हता.

त्याने मूळ स्कॅन शोधला. तिथे सगळं जागच्या जागी होतं. बायका बाकांवर, पट्टी दारावर, कुलूप पट्टीवर. त्या बंद हॉलमध्ये त्या बसून होत्या, शिवत होत्या, आणि कुणी दाराकडे बघतही नव्हतं, कारण बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. आशा लावली होती ती त्याने.

पट्टी परत बसवावी असं त्याच्या मनात आलं. माउस हातात घेऊन तो कितीतरी वेळ बसला. पण पट्टी बसवायची तर आता ती त्या तळव्यांवरून, त्या मानांवरून घालावी लागली असती. पहिल्यांदा कुलूप दुसऱ्या कुणी घातलं होतं. आता ते त्याच्या हाताने पडलं असतं.

मग त्याने धक्क्याच्या एका फोटोतून मोकळं आभाळ कापून आणलं, खाली समुद्राची पट्टी, आणि ते फटीत बसवायला घेतलं. ज्या हाताने आयुष्यभर काहीही कशालाही जुळवलं होतं, त्या हाताला ते जुळेना. उजेड उलट्या बाजूने येई. कडा दिसत. आभाळ चिकटवल्यासारखं दिसे, आणि त्याच्यावर तळवे तसेच टेकलेले.

शेवटी त्याने पुन्हा फोन केला. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"तो गोणी हॉलचा फोटो आहे ना, त्याऐवजी मूळचाच लावला तर?"

"सर, तो छापूनसुद्धा झाला. भिंतभर. सगळ्या साहेबांना पसंत पडला." टायवाल्याच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी धार आली. "काही प्रॉब्लेम आहे का?"

"नाही," रिटचर म्हणाला. "प्रॉब्लेम कसला."

संध्याकाळी कंपनीचा माणूस पेटी परत घेऊन गेला. रिटचरने ती स्वतः उचलून त्याच्या गाडीत ठेवली. मूळ निगेटिव्ह तिच्यात होती.

७

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, दुपारी, मदत करणाऱ्या सगळ्यांना घरच्यांसह बोलावलं होतं. बायकोने दवाखान्यातून अर्धी रजा घेतली.

"तुम्ही काय मला टाळताय?" ती म्हणाली. "नाव लागलंय म्हणे तुमचं. मी नको बघायला?"

"तिथे बघण्यासारखं काय आहे? जुनी यंत्रं."

"मला यंत्रंच बघायचीत."

कंपनीच्या जुन्या इमारतीचा तळमजला रंगवून घेतला होता. ताज्या रंगाचा वास, पायाखाली चकचकीत फरशी, भिंतीवर एकामागून एक फोटो, प्रत्येकावर वरून पडणारा छोटा दिवा. बायको क्रेनसमोर थांबली, टायपिस्टांचे भांग बघून हसली, लोहारासमोर "केवढं हो हे!" म्हणाली. रिटचर तिच्या मागून चालत होता आणि प्रत्येक फोटोपाशी जरा जास्तच माहिती सांगत होता. शेजारच्या दालनात चहाची व्यवस्था होती. टायवाला सगळ्यांना तिकडे घेऊन निघाला.

"चल, चहा घेऊ," रिटचर म्हणाला.

पण बायको पुढच्या कोपऱ्यावरून वळली होती. तिकडून तिचा आवाज आला.

"अहो!"

तिथे अख्खी भिंत गोणी हॉलची होती. बाकं माणसाच्या उंचीची झाली होती. फोटोसमोर उभं राहिलं की आपण त्या हॉलच्या या टोकाला उभे आहोत असं वाटत होतं. खाली कोपऱ्यात त्याचं नाव होतं. रिटचरने नजर त्या नावावर ठेवली, वर केली नाही.

"ही बघा! ही, उजवीकडे. डाव्या हातात दाभण. आई गं, अगदी आईच." बायकोचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "तुम्हाला दिसली नाही ही? इतके दिवस फोटो समोर असून?"

"दिसली नाही," तो म्हणाला. आणि त्याने वर पाहिलं. बाकं रिकामी होती.

मग बायको फोटोच्या आणखी जवळ सरकली. तिची नजर कुठे गेली आहे, ते त्याला न बघताही कळलं.

"उघडं आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "दार. हे बघा ना, उघडंच आहे की. पट्टी नाही, कुलूप नाही." तिने पदराने नाक पुसलं. "म्हणजे लोक खरंच म्हणत होते. आणि आई जन्मभर तिथे उन्हात उभी राहिली. कुणासाठी? कशासाठी? मी ओळख दाखवत नव्हते त्याचं मला किती वाईट वाटायचं. बरंच केलं म्हणायचं मी."

तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं. रिटचरला ते सोसलं नाही. ती रडली असती तर तो कदाचित गप्प राहिला असता.

"कुलूप होतं," तो म्हणाला.

"काय?"

"होतं कुलूप. आतून पट्टी, आणि पट्टीला एवढं मोठं कुलूप. मी पुसलं. दार मी उघडं केलं. त्यांनी सांगितलं म्हणून." मग त्याला वाटलं की हेही पुरतं खरं नाही. "नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. आणि मावशी मला पहिल्याच दिवशी दिसली होती."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. रक्ताची तपासणी वाचताना बघते तसं, काही न मिसळता. त्याला वाटलं ती ओरडेल, निदान हात तरी झटकेल. तिने तसं काही केलं नाही. ती फक्त पुन्हा फोटोकडे वळली, आपली चूक झालीये का हे बघायला वळावं तशी.

"अहो," ती म्हणाली. "या उठल्या."

८

आता तिलाही दिसत होतं.

हॉलच्या त्या टोकाला, दाराशी, पाठींची एकच रास झाली होती. रुमालांच्या गाठी, खांदे, वर गेलेले हात. वरच्या खिडक्यांतून येणाऱ्या उजेडाचे पट्टे मळकट झाले होते. रंगाचा वास होता तिथे दुसराच वास आला, कोरडा, घशाला लागणारा, पोतं जळताना येतो तसला. शेजारच्या दालनात कपबशा वाजत होत्या आणि कुणीतरी मोठ्याने हसलं.

"दार खोटं आहे," बायको पुटपुटली. "अहो, त्यांना कळलंय. दार खोटं आहे."

त्या राशीत कुणीतरी वळलं. एकीचा खांदा फिरला, मग दुसरीचा. आपली फसगत झाली हे ज्यांना आधी कळलं त्या मागच्यांना सांगत असाव्यात, कारण ते वळणं लाटेसारखं इकडे येत गेलं. आता चेहरे दिसणार होते. सगळ्यांचे, एकाच वेळी, आणि त्यांच्यासमोर मोकळा असा हा एकच मार्ग उरला होता, ज्या बाजूला ते दोघं उभे होते ती बाजू.

रिटचरने आयुष्यभर चेहऱ्यांचंच काम केलं होतं. त्याने मान खाली घातली.

"इकडे या!" शेजारून बायकोचा आवाज आला, इतका मोठा की त्याने तिला असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "इकडे! इकडून! मावशी, इकडे!"

त्याला फरशी दिसत होती. चकचकीत, नवी. तिच्यावर वरच्या दिव्याचा गोल पडला होता. त्या गोलातून पावलं गेली. अनवाणी, तागाच्या धुळीने पांढरट झालेली, काही जळालेली, काही फार लहान. त्याच्या दोन्ही अंगांनी गेली, त्याला न शिवता, रस्त्यात उभ्या असलेल्या खांबाला वळसा घालून जावं तशी. वाऱ्याची झळ त्याच्या पोटरीला लागली, मानेला लागली. एक जोडी त्याच्या समोर क्षणभर थांबली. अंगठे त्याच्याच दिशेला होते. तो वर बघेल याची वाट बघावी तशी ती पावलं थांबली होती.

त्याने वर पाहिलं नाही. त्याला ते जमलंच नाही.

मग तीही गेली.

९

कपबशांचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला तेव्हा त्याने मान उचलली. बायको हात पुढे करून तशीच उभी होती. तिचा तळवा काळा झाला होता. समोर भिंतभर हॉल होता, बाकं होती, बाकांवर आणि खाली गोण्या होत्या, माणूस एकही नव्हतं. मागचं दार आता दार वाटतच नव्हतं. लाकडाच्या रेषांची ठिगळं, वेगळ्या उजेडातली एक सावली, आणि मधे भिंतीचा तुकडा. लहान मुलालाही कळलं असतं, की हे कुणीतरी नंतर केलंय.

टायवाला चहाचा कप घेऊन कोपऱ्यावरून आला, हसत काहीतरी म्हणायला लागला, आणि फोटोकडे बघून मधेच थांबला.

बायकोने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती रिटचरकडे वळली होती. तिचा श्वास अजून जागेवर आला नव्हता, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घाई होती, लहान मुलीसारखी.

"मावशी होती का हो त्यांच्यात?" तिने विचारलं. "मला धुरात काही दिसलं नाही. तुमच्या तर अगदी समोर कुणीतरी थांबलं होतं. कशी होती? आईसारखी होती का?"

त्याने तोंड उघडलं. काहीही सांगता आलं असतं. हो म्हणता आलं असतं, आणि तिने ते मानलं असतं.

"मी खाली बघत होतो," तो म्हणाला.